जंगलाच्या कडेला घर घेतलंय ना, मग बंब यायच्या आधीची ही कामं करून ठेवा

मी गेली काही वर्षं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात व्हॉलंटियर फायरफायटर आहे. दर उन्हाळ्यात ओळखीच्या, अनोळखी मराठी मंडळींचे फोन येतात, शहर सोडून डोंगरात झाडीत घर घेतलेलं असतं आणि प्रश्न एकच, "अहो समोरच्या टेकडीमागे धूर दिसतोय, काय करू?" त्या वेळी सांगण्यासारखं एकच असतं, सगळं सोडा, गाडीत बसा आणि निघा. बाकी जे सांगायचंय ते सहा महिने आधी करायचं असतं, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवतोय.

आधी हे बघा की येणार कोण आहे

शहरात राहिलेल्या माणसाच्या डोक्यात असं असतं की फोन लावला की पाच मिनिटांत बंब दारात. खेड्यात तसं नसतं. अमेरिकेतल्या एकूण फायरफायटरांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक व्हॉलंटियर आहेत, आणि गावखेड्यात तर बहुतेक स्टेशनं त्यांच्याच जिवावर चालतात. म्हणजे पेजर वाजतो तेव्हा आमच्यातला एकजण शाळेत शिकवत असतो, एकजण कुणाच्या तरी सिंकखाली पाइप जोडत असतो, मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असतो, आणि तिथून उठून आधी स्टेशनला जायचं, गिअर (आगीपासून वाचवणारे कपडे, बूट, हेल्मेट) अंगावर चढवायचा, गाडी बाहेर काढायची आणि मग तुमच्या घराकडे निघायचं. यात कुणी आळस करत नाही हो, अंतरच तेवढं असतं.

गाड्या किती? एक मोठं इंजिन, म्हणजे पंप असलेला नेहमीचा बंब, गवताच्या आगीसाठी एक छोटा ब्रश ट्रक ज्यात तीनेकशे गॅलन पाणी मावतं, आणि एक टँकर. रस्त्यावर हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचे नळ) नसतातच, त्यामुळे टँकर येऊन जमिनीवर उघडलेल्या घडीच्या टाकीत पाणी ओततो, इंजिन त्यातून ओढतं, आणि तोवर टँकर परत तळ्याकडे पळतो. एका पेटलेल्या घरासाठी हे जमून जातं. पण वणवा एक घर पेटवत नाही, तो सगळी वस्ती एकदम पेटवतो, आणि तेव्हा तीनशे घरांना मूठभर गाड्या असं गणित होतं.

मग आम्ही काय करतो ते खरं खरं सांगतो, कारण हे कुणी सहसा सांगत नाही. गाडी तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी थांबते आणि कॅप्टन अर्ध्या मिनिटात बघून घेतो. आत गाडी वळेल का, वर फांद्या किती खाली आल्यात, घराला चिकटून काय आहे, छतावर पाचोळा आहे का, आणि आग वाकडी फिरली तर आपल्या लोकांना बाहेर पडता येईल का. उत्तर नाही असेल तर आम्ही पुढच्या घराकडे जातो. मी स्वतः त्या सीटवर बसून घर मागे सोडून गेलोय आणि ते बरेच दिवस मनातून जात नाही. म्हणून सगळी तयारी बंब येणारच नाही असं धरून करायची, आणि तशी तयारी केलेल्या घराशीच बंब थांबतो.

पहिलं काम, स्टेशनवर जाऊन ओळख करून घ्या

घर घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच जा. बहुतेक व्हॉलंटियर डिपार्टमेंटची आठवड्यातली एखादी संध्याकाळ ट्रेनिंगची ठरलेली असते, तेव्हा माणसं भेटतात. संकोच करू नका, नवीन माणूस आपणहून आला की आम्हाला खरंच बरं वाटतं. विचारायचं काय, तर माझं घर तुमच्याच हद्दीत येतं ना (हे गृहीत धरू नका, हद्दी फार वेड्यावाकड्या असतात), स्टेशनपासून रस्त्याने किती मैल, जवळचं पाणी कुठलं, पालापाचोळा जाळायला परमिट लागतं का, आणि तुम्ही एकदा घर बघायला याल का. बऱ्याच ठिकाणी घर बघून सल्ला द्यायचे पैसे घेत नाहीत.

मैलांचा प्रश्न इन्शुरन्ससाठी पण महत्त्वाचा आहे. तिथे फायर प्रोटेक्शनचा १ ते १० असा क्लास असतो, १ सगळ्यात चांगला, आणि स्टेशन रस्त्याने पाच मैलांच्या पलीकडे असेल तर घर सहसा १० मध्ये जातं. काही कंपन्या अशा घराला पॉलिसी देतानाच खळखळ करतात, म्हणून शक्य असेल तर हे घर घ्यायच्या आधीच बघा.

आणि तुमच्याकडे विहीर, तळं, पोहण्याचा पूल किंवा पाण्याची टाकी असेल तर ते सांगून या. टाकीला आमच्या होजला (पाण्याच्या जाड पाइपला) बसेल असं कनेक्शनचं तोंड लावून घ्या, कुठला साइज ते स्टेशनवरच विचारा. दहा हजार गॅलनची टाकी आहे आणि आमचा पाइप तिला बसतच नाही, हे बघताना फार वाईट वाटतं.

घर पेटतं कसं ते कळलं की अर्धं काम झालं

सगळ्यांच्या डोळ्यासमोर आगीची उंच भिंत येते. प्रत्यक्षात बहुतेक घरं निखाऱ्यांनी पेटतात. वाऱ्याबरोबर उडालेले जळते तुकडे, साल, पानं, पाइनच्या सुया (सुईसारखी बारीक पानं), हे मुख्य आगीच्या मैलभर पुढेसुद्धा पडतात आणि बारीक सारीक गोष्टी शोधत बसतात. जॅक कोहेन नावाचे अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी यावर आयुष्य घालवलं. कॅनडाच्या उत्तर भागात उभं जंगल मुद्दाम पेटवून त्यासमोर १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या करून बघितलं, तर १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे जंगल जळत असलं तरी शंभर फुटांवरचं घर नुसत्या त्या धगीने पेटत नाही, ते पेटतं घराला लागून असलेल्या छोट्या छोट्या गोष्टींमुळे.

८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज गाव जळलं, ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती गेल्या. त्याचे फोटो नीट बघा, घराची राख झालीय आणि शेजारचं झाड हिरवं उभं आहे. आणि हे फक्त जंगलात होतं असंही नाही, ३० डिसेंबर २०२१ ला, म्हणजे ऐन थंडीत, कोलोरॅडोत बोल्डर काउंटीमध्ये गवताच्या आगीने प्रचंड वाऱ्यात हजाराहून जास्त घरं घेतली. त्यामुळे "आमच्याकडे दाट जंगल नाही, नुसतं माळरान आहे" म्हणून स्वस्थ बसू नका.

दुसरं काम, भिंतीपासून पाच फूट

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. घराच्या चारी बाजूंनी, डेक (घराला जोडलेला लाकडी ओटा) असेल तर डेकच्या कडेपासून, पाच फुटांत जळेल असं काहीही नको. खडी, दगड, फरशी, काँक्रीट चालेल. मातीवर पसरतात तो लाकडाच्या सालीचा मल्च नको, झुडपं नकोत, जळणाची लाकडं नकोत, काथ्याचं पायपुसणं नको, भिंतीला टेकवून ठेवलेला खराटा पण नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे गवताची आग होऊन गेली, दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेली धग विझवत घराघराशी फिरत होतो. एका घराच्या मागच्या दाराशी पायपुसण्याच्या जागी फक्त चौकोनी राख होती, आणि दाराची खालची पट्टी वीतभर काळी पडून सोलली होती. आजूबाजूला नुसती खडी होती म्हणून आग तिथेच भुकेने मेली. तिथे मल्च असता तर आम्हाला बघायला दार उरलं नसतं. त्या घरच्या आजी ती राख बघत बराच वेळ उभ्या होत्या, मग आत गेल्या आणि पुढच्या दाराचं पायपुसणं उचलून घेऊन आल्या.

निखारे कुठे जमतील हे ओळखायची सोपी युक्ती सांगतो. जोराचा वारा येऊन गेला की घराभोवती एक चक्कर मारा आणि पाचोळा कुठे कुठे गोळा झालाय ते बघा. पायऱ्यांच्या कोपऱ्यात, डेकच्या खाली, दोन छपरं मिळतात त्या खाचेत, गॅरेजच्या दाराच्या फटीशी. निखारे बरोब्बर तिथेच जमणार, वारा दोघांना सारखंच वागवतो. त्या जागांचे फोनवर फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्या साफ करा.

लाकडी कुंपण थेट भिंतीला भिडलेलं असेल तर ती एक वातच आहे असं समजा. घराजवळचा शेवटचा पाच फुटांचा तुकडा काढून तिथे लोखंडी फाटक लावा. डेकच्या खाली सामान साठवायची सवय असते तीही सोडा, आणि हवामान खात्याची रेड फ्लॅग वॉर्निंग (तिच्याबद्दल पुढे सांगतो) असेल त्या दिवशी डेकवरच्या खुर्च्यांच्या गाद्या घरात घ्या.

तिसरं काम, छत, पन्हळी आणि व्हेंट

छतावर लाकडी शेक (लाकडाच्या पातळ फळ्यांची कौलं) असतील तर बदलायचे पैसे आधी बाजूला काढा, बाकी सगळं त्यानंतर. कौलं, पत्रा, फायबरग्लासचे अस्फाल्ट शिंगल हे साधारणपणे क्लास ए मध्ये, म्हणजे आगीला सगळ्यात चांगलं तोंड देणाऱ्या वर्गात येतात. पण क्लास ए छत असूनही पन्हळीत वाळक्या सुया भरल्या असतील तर आग छताच्या कडेखालून आत शिरते, म्हणून आगीच्या सीझनआधी आणि सीझनमध्येही पन्हळी हाताने साफ करा. हे काम कंटाळवाणं आहे, मला माहितीये, पण एका दुपारीत होतं.

व्हेंटकडे नवीन लोकांचं लक्षच जात नाही. पोटमाळ्याला आणि घराच्या पायाशी हवेसाठी झरोके असतात आणि जुन्या घरांत त्यांना पाव इंची जाळी असते, त्यातून निखारे सहज आत जातात. मग घर आतून पेटतं आणि बाहेरून कुणाला कळत नाही. एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक धातूची जाळी लावा, प्लास्टिकची नको, ती वितळते. खर्च फार नाही आणि स्वतः करता येतं, फक्त जाळीवर धूळ बसते ती अधूनमधून झटका.

पुढचे शंभर फूट

हे लवकर सांगतो कारण यावर सगळीकडे माहिती मिळते. कॅलिफोर्नियात घराभोवती शंभर फूट मोकळीक कायद्यानेच लागते, इतर ठिकाणी नियम वेगळे, पण विचार तोच. गवत चार इंचांपेक्षा वाढू देऊ नका. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फुटांपर्यंत छाटा, नाहीतर गवतावरची आग शिडी चढल्यासारखी शेंड्याला जाते. धुरांड्यापासून फांद्या दहा फूट लांब. जळणाची लाकडं घरापासून तीस फूट लांब, आणि प्रोपेनच्या टाकीभोवती दहा फूट नुसती माती. सगळी झाडं तोडायची नाहीयेत, झाडांमध्ये अंतर पाडायचंय.

उतारावर घर असेल तर मात्र हे आकडे वाढवा. आग चढावर पळते, चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. घराच्या खालच्या बाजूची सफाई वरच्या बाजूपेक्षा जास्त लांबपर्यंत हवी.

चौथं काम, आम्हाला घर सापडू द्या

रस्त्याच्या तोंडाशी घराचा नंबर, निदान चार इंच उंच, रिफ्लेक्टरचा, दोन्ही बाजूंनी दिसणारा, धातूच्या खांबावर. धुरात दहा फुटांवरचं दिसत नाही, मी बाहेरचा माणूस नाही तरी आमच्याच गावात धुरात वळण चुकलोय, मदतीला शंभर मैलांवरून आलेल्या क्रूची काय गत. ड्राइव्हवे बारा फूट रुंद आणि वर पंधरा फूट मोकळा ठेवा, शेवटी गाडी वळवायला जागा हवी. फाटकाला कुलूप असेल तर ते कसं उघडायचं हे स्टेशनला कळवून ठेवा. छोटा पूल असेल तर तो किती वजन पेलतो याची पाटी लावा, भरलेला टँकर फार जड असतो आणि शंका असली तर ड्रायव्हर पूल ओलांडणार नाही.

आपल्या हातून ठिणगी पडू नये म्हणून

अमेरिकेतले दहापैकी आठाहून जास्त वणवे माणसामुळे लागतात. वाईट हेतूने नाही, बहुतेक वेळा घर साफ करतानाच. वाळलेलं गवत कापताना मोअरचं पातं दगडावर आपटतं, ठिणगी पडते, म्हणून गवत सकाळी दहाच्या आत कापा, वारा असेल तर त्या दिवशी राहू द्या. ट्रेलरची साखळी रस्त्याला घासू देऊ नका. गरम गाडी वाळक्या गवतात लावू नका. शेगडीतली राख तर दिवसेंदिवस आतून गरम राहते, ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, पाणी ओतून. आणि परमिट काढून पाचोळा जाळलात तरी हात घालून राख थंड लागेपर्यंत तिथून हलू नका.

पाचवं काम, निघायची तयारी

काउंटीच्या अलर्टला मोबाइल नंबर आपणहून रजिस्टर करावा लागतो, आपोआप होतोच असं नाही, हे आजच करा. आग कुठे लागलीय ते दाखवणारं वॉच ड्यूटी नावाचं अ‍ॅप पण ठेवा. हवामान खात्याची रेड फ्लॅग वॉर्निंग आली की त्याचा अर्थ आग लागली असा नाही, आज लागली तर आवरणार नाही असा आहे, त्या दिवशी गाडी बाहेर तोंड करून लावा आणि टाकी निदान अर्धी भरलेली ठेवा.

बॅग आधीच भरलेली हवी, कागदपत्रं, औषधं, चष्मा, चार्जर, थोडी रोकड, एन-९५ मास्क, लांब बाह्यांचे सुती कपडे (सिंथेटिक नको, ते अंगाला चिकटतं). पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद एकाच पाकिटात ठेवा, आपल्या लोकांचं हेच हमखास राहतं. कुत्रं-मांजर असेल तर पिंजऱ्याची त्यांना आधी सवय लावा.

आता गॅरेज. वीज गेली की गॅरेजचं ऑटोमॅटिक दार उघडत नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या २०१७ च्या आगींमध्ये माणसं यामुळे अडकली, त्यानंतर तिथे नवीन ओपनरला बॅटरी सक्तीची झाली. वर एक लाल दोरी लोंबते, ती ओढली की दार हाताने उचलता येतं. आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने, आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांनीही, अंधारात ती दोरी शोधून ओढून दार उचलून बघा. ज्याला उचलत नाही त्याची गाडी बाहेर लावा.

निघताना खिडक्या-दारं बंद, पण कुलूप नको. एसी बंद. दिवे चालू, आम्हाला धुरात घर दिसतं. गॅस मीटरपाशी बंद. बाहेरच्या नळांना होज जोडून ठेवा, एक शिडी भिंतीला लावून ठेवा. पण स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, सगळ्यांनी तसं केलं की लाइनचं प्रेशर जातं आणि आमच्याच होजला पाणी येत नाही. हे सगळं करायला वेळ नसेल तर काहीच न करता निघा. आदेश यायची वाट बघू नका, म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरं असतील तर नुसत्या सूचनेवरच निघा. दोन रस्ते ठरवून ठेवा आणि दोन्हींवरून एकदा रात्री गाडी चालवून बघा.

रस्त्यातच अडकलात तर गाडी झाडीपासून लांब मोकळ्या जागी उभी करा, काचा आणि हवेचे झरोके बंद करा, दिवे चालू ठेवा, खाली वाकून लोकरीची चादर अंगावर घ्या आणि ९११ ला जागा सांगा. पायी पळू नका.

सहावं काम, जमत असेल तर आमच्यात या

सगळ्यांनी आगीत शिरायचं नसतं. टँकर चालवायला, रेडिओवर बसायला, हिशेब बघायला, रात्रभर काम करणाऱ्यांना खायला पोचवायला माणसं कमीच पडतात. वणव्याच्या फळीवर जायचं असेल तर एस-१३० आणि एस-१९० असे दोन बेसिक कोर्स असतात आणि एक चालायची टेस्ट, ४५ पौंडांचं वजन घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत, पळायचं नाही. माझी पहिल्यांदा हुकली होती, तीन महिने पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढलो मग झाली. पन्नाशीतले लोक ती करतात, तेव्हा वय बघून मागे हटू नका.

आणि पहिल्या संध्याकाळी बहुधा तुम्हाला होज गुंडाळायला शिकवतील. सोपं दिसतं म्हणून घाई करू नका, आधी आतलं पाणी पूर्ण निथळू द्या, पिळा सोडवा, कपलिंगचा (होजच्या टोकाच्या जोडाचा) वॉशर बोटाने चाचपून बघा, मग गुंडाळा. रात्री दोन वाजता तोच होज कुणाच्या तरी अंगणात उलगडला जाणार असतो, आणि त्यात पिळा राहिला असेल तर पाणी पुढे जात नाही.